हेलपाटे कुणाच्या वाट्याला

संयुक्त राष्ट्रांकडून दर दोन वर्षांनी एक अहवाल येतो. कोणत्या देशाचं सरकार लोकांची कामं ऑनलाइन किती नीट करतं, याची १९३ देशांची क्रमवारी त्यात असते. २०२४च्या अहवालात डेन्मार्क पहिला, एस्टोनिया दुसरा, सिंगापूर तिसरा. जर्मनी आणि जपान पहिल्या पंधरांत. भारत ९७वा.

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये हा आकडा कुणाच्याच पचनी पडला नाही. आठवडी बाजारात कोथिंबीर विकणारी आजीसुद्धा पाटीला क्यूआर कोड अडकवून बसते. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयवरून २००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. मग आपण ९७वे कसे, आणि करोनाच्या साथीत रुग्णांचे आकडे फॅक्सनं पाठवणारे जर्मनी-जपान एवढे वर कसे, असा सगळ्यांचा सवाल होता.

मी तो अहवाल खोटा मानत नाही. त्यात तीन गोष्टींची सरासरी काढतात: सरकारी सेवा किती प्रमाणात ऑनलाइन आहेत, फोन आणि इंटरनेटची जोडणी किती लोकांपर्यंत पोचली आहे, आणि लोक किती शिकलेले आहेत. पहिल्या गोष्टीत आपण चांगलेच वर आहोत. पोर्टलं आपल्याकडे भरपूर आहेत. बाकीच्या दोन आपल्याला खाली ओढतात. म्हणजे पोर्टल उघडणारं सरकार तयार आहे, पण ते वापरणाऱ्या माणसाच्या हातात पुरेसं काही दिलेलं नाही, असंच तो आकडा सांगतो. तालुक्याच्या गावात अकरावी-बारावीला शिकवत असल्यामुळे मला हे रोज दिसतं.

तरी त्या अहवालात मला एक रकाना कमी वाटतो. एका कामासाठी माणसाला किती हेलपाटे पडतात, आणि यंत्र ‘नाही’ म्हणालं की तो कुणापुढे जाऊन उभा राहतो? देशादेशांची तुलना करायचीच असेल तर मी आधी हे विचारेन.

जून महिन्यात आमच्याकडच्या कोणत्याही सेतू केंद्रात जाऊन बसावं. निकाल लागलेले असतात, प्रवेशाच्या तारखा लागलेल्या असतात आणि सगळ्यांना एकदमच दाखले हवे असतात. उत्पन्नाचा, डोमिसाइल, जातीचा, नॉन-क्रीमी लेयर. गेल्या जूनमध्ये माझ्या एका विद्यार्थिनीबरोबर मी गेले होते. तिची आई शेतमजूर, वडील नाहीत. आईच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, तीत रेशनकार्ड, दोघींची आधारकार्डं, तलाठ्याचा दाखला, वडिलांचा मृत्यूचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आणि प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. काउंटरवरच्या मुलानं एकेक कागद स्कॅनरवर ठेवला, अपलोड केला, पुढचा घेतला. कामात तरबेज होता, बोलायलाही चांगला. शेवटी म्हणाला, “काकू, ओटीपी सांगा.” आधारला नंबर जोडलेला होता मोठ्या मुलाचा. तो चाकणला कंपनीत, पहिल्या पाळीला, फोन गेटवर जमा केलेला. पाळी सुटेपर्यंत दोघी बाहेरच्या ओट्यावर बसून राहिल्या. चारच्या सुमाराला त्याचा फोन लागला तेव्हा आत सर्व्हर बंद पडला होता.

त्या पिशवीतले कागद पुन्हा आठवून बघा. रेशनकार्ड पुरवठा विभागाचं. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीचा. तलाठ्याचा दाखला महसूल खात्याचा, आणि ज्या तहसीलदारांकडून उत्पन्नाचा दाखला हवा तेही महसूल खात्याचेच. सरकारनंच दिलेली माहिती एक मजूर बाई त्या दिवसाची मजुरी बुडवून सरकारपर्यंत पोचवत होती. अर्ज ऑनलाइन झाला, एवढाच काय तो फरक. एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात कागद नेणारी हरकामी माणसं म्हणजे आपण, हे बदललं नाही.

एस्टोनियात नेमकं हेच बदललं, म्हणून तो देश मला एवढा महत्त्वाचा वाटतो. लोकसंख्या तेरा-चौदा लाख, एका पुणे शहरात सहज मावेल. १९९१मध्ये सोव्हिएत संघातून बाहेर पडला तेव्हा तिजोरीत फारसं काही नव्हतं. १९९६मध्ये त्यांनी ‘वाघाची झेप’ नावाचा कार्यक्रम जाहीर केला आणि आधी शाळांकडे वळले: संगणक, इंटरनेट आणि शिक्षकांचं प्रशिक्षण. पुढे बँका आणि टेलिफोन कंपन्यांनी मिळून पैसे घातले आणि लाखभर मोठ्या माणसांना माऊस कसा धरायचा इथपासून शिकवलं. देशातल्या प्रौढांपैकी जवळजवळ दर दहावा माणूस त्या वर्गांत बसला. २००१मध्ये एक्स-रोड नावाची व्यवस्था उभी राहिली. ती म्हणजे सगळी माहिती एका ठिकाणी ओतलेलं मोठं कोठार नव्हे. प्रत्येक खात्याची माहिती त्या त्या खात्याकडेच राहते, आणि दुसऱ्या खात्याला हवी तेव्हा सुरक्षित वाटेनं, नोंद ठेवून, विचारून घेता येते. २००२पासून प्रत्येकाला चिपवालं ओळखपत्र मिळू लागलं.

तंत्रज्ञान इतरांनाही जमलं असतं. माझा जीव जडलाय तो त्यांच्या कायद्यातल्या एका कलमावर. जी माहिती एका सरकारी नोंदवहीत आहे, तीच गोळा करण्यासाठी दुसरी नोंदवही उघडायला तिथल्या माहितीच्या कायद्यानं मनाई आहे. मूल जन्मलं की दवाखान्यातून नोंद जाते, आणि बालभत्त्यासाठी कोणकोणत्या गोष्टी लागू होतात ते सरकारच आईबापांना कळवतं. मृत्यूचा दाखला घेऊन कुणी विधवा कचेऱ्या हिंडत नाही. माहितीची ने-आण करणं हे सरकारचं काम आहे, हे त्यांनी कायद्यात लिहून टाकलं.

दुसरी गोष्ट याहून धीट आहे. नागरिकाला स्वतःच्या खात्यात जाऊन बघता येतं की आपली माहिती कोणत्या कार्यालयानं, कधी उघडली. अकारण कुणी डोकावलं असं वाटलं तर जाब विचारता येतो. आधारवरही पडताळणी कधी कधी झाली ते बघायची सोय आहे. पण माझ्या जमिनीची, रेशनची, शिष्यवृत्तीची माहिती कोणत्या टेबलावरून कुणी पाहिली हे मला एका जागी दिसत नाही. माणूस सरकारला दिसतो तसं सरकारही माणसाला दिसलं पाहिजे. एस्टोनियानं त्या दिशेला जितकी मजल मारली तितकी फार थोड्या देशांनी मारली आहे.

त्यांचंही सगळं सुरळीत चाललं असं नाही. २००७च्या वसंतात त्या देशावर आठवड्यांमागून आठवडे सायबर हल्ले झाले. बँका, वर्तमानपत्रं, मंत्रालयं यांची संकेतस्थळं ठप्प पडली. २०१७मध्ये ओळखपत्राच्या चिपमध्येच दोष निघाला, साडेसात लाखांच्या वर कार्डं धोक्यात आली. सरकारनं गोष्ट दडपली नाही. सप्टेंबरमध्ये पंतप्रधानांनी लोकांपुढे येऊन सांगितलं आणि नोव्हेंबरमध्ये कार्डांची प्रमाणपत्रं थांबवून नवी द्यायला घेतली. त्याच वर्षी लक्झेंबर्गशी करार करून देशाच्या महत्त्वाच्या नोंदींची प्रत तिथे ठेवायचं ठरलं. परदेशातल्या दूतावासाला जे संरक्षण असतं तेच त्या सर्व्हरना.

अशी दुसरी प्रत ठेवण्याचं मोल दक्षिण कोरियाकडे पाहिलं की कळतं. संयुक्त राष्ट्रांच्या त्याच यादीत कोरिया चौथा. इंटरनेटच्या वेगाचं नाव काढलं की आधी कोरिया आठवावा असा देश. २६ सप्टेंबर २०२५ला तेजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांना आग लागली आणि सहाशेहून अधिक सरकारी सेवा एका फटक्यात बंद पडल्या. सरकारी कर्मचारी आपलं काम ज्या साठ्यात ठेवत होते तो ८५८ टेराबाइटचा साठा जळून गेला. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. त्या साठ्यात कुणाची फाइल अडकली असेल तर चूक त्या माणसाची नव्हती, पण नव्यानं कागद गोळा करायची पाळी त्याच्यावरच येणार.

जर्मनीबद्दल मला आतून कळतं ते माझ्या भाचीमुळे. तिथे ती एमएस करते. गेल्या गेल्या तिला नगरपालिकेत जाऊन पत्ता नोंदवावा लागला, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद. बँकेचं कार्ड एका पाकिटातून आलं, पिन दुसऱ्या पाकिटातून, कराचा नंबर तिसऱ्या. “मावशी, पत्रपेटीवर नाव लावलं नाही तर इथे आपण आहोत हेच कुणाला कळत नाही,” असं तिनं पहिल्याच आठवड्यात फोनवर सांगितलं. तिथल्या संसदेनं २०१७मध्ये कायदा करून २०२२ संपेपर्यंत ५७५ सरकारी सेवा ऑनलाइन आणायचं ठरवलं होतं. मुदत उलटली तेव्हा बहुतेक सेवा आलेल्याच नव्हत्या.

पण जर्मन माणूस मागासलेला म्हणून हे झालं असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते. १९३९च्या जनगणनेत तिथे माणसाचे आजी-आजोबा ज्यू होते का हे विचारून लिहून घेतलं होतं. पुढे पूर्व जर्मनीत गुप्त पोलिसांनी लाखो लोकांच्या फायली ठेवल्या. १९८३मध्ये पश्चिम जर्मनीत जनगणना ठरली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, आणि घटना न्यायालयानं त्या डिसेंबरमध्ये निकाल दिला की आपल्या माहितीचं काय व्हावं हे ठरवण्याचा हक्क माणसाचा स्वतःचा. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला तो २०१७च्या ऑगस्टमध्ये, आधारची नोंदणी शंभर कोटींच्या पुढे गेल्यावर. आधी हक्क आणि मग यंत्र, की आधी यंत्र आणि मग हक्क, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

भाचीनं एकदा तिला आलेल्या नकाराच्या पत्राचा फोटो पाठवला. कसल्याशा सवलतीचा अर्ज होता. पत्रावर नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव, फोन नंबर, खोलीचा क्रमांक. खाली वेगळा परिच्छेद: हा निर्णय मान्य नसेल तर एका महिन्यात अमुक पत्त्यावर हरकत नोंदवा. तिथल्या सरकारी निर्णयाखाली असा मजकूर असतोच. मी ते पत्र वर्गात दाखवलं. मुलांना विश्वास बसेना की सरकार ‘नाही’ म्हणताना आपल्याशी कसं भांडायचं हेही लिहून देतं.

आपल्याकडे असा कायदा नाही असं कुणी समजू नये. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५चा आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा द्या, नाहीतर कारण लेखी द्या, मग पहिलं अपील, दुसरं अपील, वर आयोग. कायदा चांगला आहे, त्याचा लोकांना उपयोगही झालेला आहे. पण त्याचं घड्याळ सुरू होतं अर्ज दाखल झाल्यावर. ओटीपी आला नाही म्हणून अर्ज पुढे सरकलाच नाही, तर अर्जच नाही. अर्ज नाही तर नकार नाही. नकार नाही तर अपील कशावर करणार? रेशन दुकानात ‘अंगठा लागत नाही, उद्या या’ असं सांगितलं जातं त्याचा कुठे कागद होत नाही. विटा उचलून, भांडी घासून, ऊस तोडून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या त्यांचाच अंगठा लागत नाही. रेशनची गरजही त्यांनाच जास्त. डिजिटल देशांच्या सगळ्या तुलनेत मला हीच जागा सगळ्यात काळजीची वाटते. माणूस दारातून परत गेला आणि कुठल्याच आकड्यात तो दिसला नाही.

जपानचं तर आणखी वेगळं. आमच्या कोथिंबीरवाल्या आजींच्या पाटीवरचा तो काळा-पांढरा चौकोन मुळात जपानचा. १९९४मध्ये देन्सो या मोटारीचे भाग बनवणाऱ्या कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटानं तो तयार केला, कारखान्यातल्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी, आणि कंपनीनं पेटंटचा हक्क गाजवला नाही म्हणून तो जगभर गेला. त्याच जपानमध्ये २०२०च्या साथीत सरकारनं माणशी एक लाख येन द्यायचे ठरवले तेव्हा ऑनलाइन आलेले अर्ज पालिकांच्या कर्मचाऱ्यांना हातानं पडताळावे लागले. गोंधळ इतका झाला की कितीतरी पालिकांनी ऑनलाइन अर्ज बंद केले आणि टपालानं पाठवा म्हणून सांगितलं. दरवाजा नवा बसवला होता, आतली कचेरी जुनीच होती. पुढच्या वर्षी त्यांनी वेगळी डिजिटल एजन्सी काढली. फ्लॉपी डिस्कवरच माहिती द्या असं सांगणारे हजारावर सरकारी नियम रद्द होईपर्यंत २०२४चा जून उजाडला.

केनियाला मात्र श्रीमंत देशांच्या पंगतीत बसवून बघायला हवं. मार्च २००७मध्ये सफारीकॉम कंपनीनं तिथे एम-पेसा सुरू केलं. स्मार्टफोन नको, इंटरनेट नको, बँकेत खातंही नको. बटणाचा साधा फोन आणि कोपऱ्यावरचा दुकानदार. नैरोबीत कामाला असलेला मुलगा गावातल्या आईला पैसे पाठवणार, आई दुकानात जाऊन रोख घेणार. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या दोन अर्थतज्ज्ञांनी याचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यांच्या हिशेबानं एम-पेसामुळे १,९४,००० घरं, म्हणजे देशातली दोन टक्के कुटुंबं, गरिबीच्या रेषेतून बाहेर पडली, आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो बायका चालवत असलेल्या घरांना. लोकांच्या हातात जो फोन होता त्यावर चालेल असं त्यांनी बनवलं.

यूपीआयचं यशही मला याच जातीचं वाटतं, आणि त्याचा मला अभिमान आहे. दुकानदाराला महागडं यंत्र नको, छापलेला कागद पुरे. २०१६च्या आधी कोणत्या बँकेतून कोणत्या बँकेत पैसे जातात हे माझ्या आईला माहीत असावं लागायचं. आयएफएससी कोड डायरीत लिहिलेले असायचे. यूपीआयनं सगळ्या बँकांना एकमेकींशी बोलायला लावलं आणि ती डायरी संपली. एस्टोनियानं एक्स-रोडनं सरकारी खात्यांचं जे केलं, ते आपण पैशाच्या बाबतीत करून दाखवलं, तेही त्यांच्या हजारपट लोकसंख्येच्या देशात. म्हणून ‘एवढ्याशा देशाला जमतं, आपल्याला कसं जमेल’ हे उत्तर मला चालत नाही. बँकांना जे करायला लावलं ते तलाठी, तहसील, ग्रामपंचायत आणि पुरवठा विभागाला लावता येईल. डिजिलॉकर २०१५पासून आहे, त्यातला दाखला मूळ कागदाच्या बरोबरीचा मानायचा नियमही आहे. डिजिटल सहीचा सातबारा २०१८पासून मिळतो, आता पंधरा रुपयांत. सुटे धागे आपल्याकडे आहेत.

आणि सुरुवातही आपल्याकडेच झाली होती. २९ सप्टेंबर २०१०ला देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले ते नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, आदिवासी माणसांना. दिल्ली-मुंबई सोडून टेंभली निवडली यामागचा विचार मला आजही मोलाचा वाटतो: ज्याच्याकडे ओळखीचा एकही कागद नाही त्याला आधी मोजा. पुढे बँक, सिम, गॅस, शिष्यवृत्ती, रेशन सगळं त्या आकड्याला बांधत गेलो, पण ज्यांना आधी मोजलं त्यांना जमतंय का हे विचारायला थांबलो नाही.

डेन्मार्कला हा प्रश्न आता पडलाय. २०१४पासून तिथे सरकारी पत्रव्यवहार डिजिटल पेटीतच येतो, मात्र ज्यांना ते झेपत नाही त्यांना कागदी पत्राची सवलत कायद्यानं आहे. २०१८पासून नवा कायदा आणताना तो डिजिटल पद्धतीनं राबवता येईल का, हे मसुद्यातच तपासावं लागतं. २०२५च्या डिसेंबरअखेर तिथल्या टपाल कंपनीनं पत्रं वाटणं थांबवलं. चारशे वर्षांची सेवा बंद झाली, आणि पत्राचं काम एका खासगी कुरिअरकडे राहिलं. यादीतल्या पहिल्या नंबराच्या देशातही दर पाच प्रौढांतल्या एकाला या गोष्टी जड जातात असा तिथल्या सरकारी संस्थेचाच अंदाज आहे. तिथल्या म्हाताऱ्यांचं पुढे कसं होतं याकडे माझं लक्ष राहील.

आमच्या कॉलेजात आता मी जूनची वाट बघत नाही. फेब्रुवारीत प्रात्यक्षिकं संपली की वर्गात विचारते, तुमच्या आणि आईच्या आधारला कुणाचा नंबर जोडलाय? वडिलांचा, भावाचा, मामाचा, बंद पडलेल्या सिमचा. यंदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सेतूवाल्या दादांचा, मॅडम. ओटीपी त्यांनाच येतो.” तसं सांगणारी ती एकटी नव्हती. त्याच आठवड्यात तिच्या आधारला तिच्या आईचा नंबर लावून घेतला. बटणाचा फोन आहे, ओटीपी त्यावरही येतो. आणखी तिघींचे नंबर बदलायचे राहिलेत. त्यांच्या आयांना गुरुवारी बोलावलं आहे, त्या दिवशी बाजार असतो म्हणून.